दोन नेमणुकांमधला काळ : परदेशातील संशोधकांसाठी व्हिसाविषयक विवेचन

आपल्या शाळेतून शिकून बाहेर पडलेले काही विद्यार्थी आज परदेशांतील विद्यापीठांत संशोधन करीत आहेत आणि काही त्या वाटेवर आहेत. शिष्यवृत्ती कशी मिळवावी, प्रवेशाचा अर्ज कसा लिहावा, मुलाखतीस कसे सामोरे जावे यांविषयीचे मार्गदर्शन आता बऱ्यापैकी उपलब्ध आहे. पीएच.डी.नंतर उद्भवणाऱ्या एका अडचणीविषयी मात्र फारसे लिहिले जात नाही. एका विद्यापीठातील नेमणूक संपते आणि दुसऱ्या विद्यापीठातील नेमणूक सुरू होते, यांदरम्यान काही आठवडे, कधी काही महिने जातात. या काळात हाती पगार नसतो आणि ज्या परवान्याच्या आधारे आपण त्या देशात राहतो त्याचीही मुदत संपत आलेली असते. घरी सांगावे तर आई-वडील काळजीत पडतात. न सांगावे तर एकट्याने निर्णय घ्यावे लागतात आणि तेच पुढे महागात पडतात.

आम्ही काही माजी विद्यार्थ्यांनी हा काळ अनुभवला आहे आणि अनेक धाकट्या भावंडांना त्यातून जाताना पाहिले आहे. त्यावरून आमचे मत असे झाले आहे की, हा रिकामा काळ बहुधा अचानक येत नाही. त्याची तारीख सहा-आठ महिने आधी कागदावर लिहिलेली असते. ती तारीख कोणत्या कागदावर पाहावी, ती उलटण्यापूर्वी कोणाकडे काय मागावे आणि वेळ आल्यास मायदेशी परतणे हा सन्मानाचा मार्ग कसा आहे, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

हा काळ का निर्माण होतो

पीएच.डी.नंतरच्या संशोधन नेमणुका बहुधा एक, दोन किंवा तीन वर्षांच्या कराराने दिल्या जातात. जर्मनीत तर विद्यापीठीय संशोधकांच्या मुदतबंद करारांसाठी स्वतंत्र कायदाच आहे. त्यानुसार सर्वसाधारणपणे पीएच.डी.पूर्वी सहा वर्षे आणि नंतर सहा वर्षे असे करार करता येतात. त्यामुळे एका जागेवरून दुसऱ्या जागी जाणे हा या व्यवसायाचा नित्यक्रम झाला आहे. कोणाची नेमणूक संपली म्हणजे त्याच्या कामात काही उणे होते, असा अर्थ घेऊ नये.

दुसरे कारण शैक्षणिक वर्षाचे. अमेरिकेत शिकवण्याच्या नेमणुका बहुधा ऑगस्टच्या मध्यास सुरू होतात, ब्रिटनमध्ये सप्टेंबर-ऑक्टोबरात, जर्मनीत हिवाळी सत्र १ ऑक्टोबरला आणि जपानमध्ये नवे वर्ष एप्रिलमध्ये. संशोधन अनुदानाची मुदत मात्र वर्षातील कोणत्याही दिवशी संपते. म्हणून देश बदलताना तारखा जुळल्या तर तो योगायोग समजावा.

तिसरे आणि महत्त्वाचे कारण हे की, बहुतेक देशांत संशोधकाचा परवाना विशिष्ट संस्था आणि विशिष्ट जागा यांच्याशी बांधलेला असतो. नोकरी बदलली की परवान्याचा आधारच बदलतो. आपल्याकडे एका महाविद्यालयातून दुसऱ्या महाविद्यालयात जाताना जी बाब केवळ कार्यमुक्तीच्या पत्राने भागते, तीच परदेशात नव्या सरकारी मंजुरीची बाब होऊन बसते.

कोणती तारीख मोजावी

या विषयातील बहुतेक गोंधळ एका गोष्टीमुळे होतो. संशोधकाजवळ तीन निरनिराळी कागदपत्रे असतात व तिन्हींवर निरनिराळ्या तारखा असतात. पहिले नेमणुकीचा करार. तो पगार कधीपर्यंत मिळेल ते सांगतो. दुसरा पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा. तो देशात प्रवेश कधीपर्यंत मिळू शकेल ते सांगतो. तिसरा वास्तव्याचा अधिकार. तो आत आल्यावर कधीपर्यंत राहता येईल ते सांगतो. रिकाम्या काळाचा हिशेब या तिसऱ्या कागदावरूनच करावयाचा असतो.

अमेरिकेचे उदाहरण घेऊ. पासपोर्टवरील व्हिसाची मुदत संपली तरी देशात राहणाऱ्याचा वास्तव्याचा अधिकार त्यामुळे संपत नाही. तो आय-९४ या नोंदीवर अवलंबून असतो. उलट, व्हिसावर पुढची तीन वर्षे लिहिलेली असली तरी नेमणूक संपल्यावर त्याच्या बळावर राहता येत नाही. विद्यार्थी आणि आदानप्रदान गटातील संशोधक यांच्या आय-९४ नोंदीवर आजवर ठरावीक तारखेऐवजी 'दर्जा टिकेपर्यंत' अशा अर्थाची खूण असे. त्यांची खरी तारीख आय-२० किंवा डीएस-२०१९ या पत्रावर पाहावी लागते. ही पद्धत बदलून ठरावीक तारीख देण्याचा प्रस्ताव ऑगस्ट २०२५मध्ये मांडण्यात आला. म्हणून आपल्या नोंदीवर नेमके काय छापले आहे, हे प्रत्येकाने स्वतः डोळ्यांनी पाहावे. जर्मनीत ही तारीख वास्तव्य परवान्याच्या कार्डावर असते आणि ब्रिटनमध्ये आता ती इलेक्ट्रॉनिक व्हिसाच्या खात्यात पाहावी लागते.

यांत चौथी तारीख पासपोर्टची. अनेक देश पासपोर्टच्या मुदतीपलीकडे वास्तव्याचा परवाना देत नाहीत. दीड वर्षात संपणारा पासपोर्ट घेऊन दोन वर्षांच्या नेमणुकीसाठी अर्ज केला, तर परवानाही दीड वर्षाचाच मिळण्याचा संभव असतो. पासपोर्टचे नूतनीकरण हे कंटाळवाणे वाटणारे काम आहे, परंतु त्याने एक अख्खी अडचण टळते.

अमेरिका

पीएच.डी. पूर्ण करणाऱ्या विद्यार्थ्यास एफ-१ दर्जावर बारा महिने काम करण्याची मुभा मिळते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या विषयांत ती आणखी चोवीस महिने वाढविता येते. पहिल्या बारा महिन्यांत एकूण ९० दिवसांहून अधिक काळ बेकार राहता येत नाही; वाढीव मुदत मिळाल्यास ही मर्यादा सगळी मिळून १५० दिवसांची होते. हे दिवस सलग मोजले जात नाहीत, त्यांची बेरीज होते. दोन नेमणुकांमध्ये महिना, पुन्हा वर्षाने महिना, असे दिवस साठत जातात. त्यांची नोंद स्वतःच्या वहीत ठेवावी.

जे-१ दर्जावरील संशोधकास कार्यक्रम संपल्यावर ३० दिवसांची सवलत मिळते. त्या काळात देशात फिरता येते, सामान आवरता येते, परंतु काम करता येत नाही आणि देश सोडल्यास त्याच सवलतीवर परत येता येत नाही. येथे एक गोष्ट विशेष लक्षात ठेवण्यासारखी आहे. संशोधक किंवा प्राध्यापक या गटातील जे-१ कार्यक्रम एकदा संपला की त्याच गटात पुन्हा येण्यास २४ महिने थांबावे लागते. मे अखेर एक नेमणूक संपली, ऑगस्टमध्ये दुसऱ्या विद्यापीठात जायचे आहे, मधले दोन महिने घरी काढू आणि नव्या पत्रावर परत येऊ, असा सरळ विचार करणारा संशोधक येथेच अडकतो. त्याची वाट दोन महिन्यांनी लांबत नाही, दोन वर्षांनी लांबते. यावर उपाय एकच : पहिला कार्यक्रम चालू असतानाच दुसऱ्या विद्यापीठाकडे नोंदीचे हस्तांतरण करून घेणे. एकूण पाच वर्षांच्या मर्यादेत ते करता येते. मात्र दोन्ही विद्यापीठांच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयांनी तारखा आधी जुळवाव्या लागतात.

ज्यांचे जे-१ शिक्षण किंवा संशोधन भारत सरकारच्या अथवा अमेरिकी सरकारच्या पैशावर झाले आहे, त्यांना बहुधा दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. फुलब्राइट-नेहरू शिष्यवृत्तीधारक याच गटात येतात. ही अट पूर्ण झाल्याशिवाय किंवा तीतून सूट मिळाल्याशिवाय एच-१बी दर्जा मिळत नाही. विशिष्ट विषयांच्या यादीमुळेही ही अट पूर्वी भारतीयांना लागत असे. डिसेंबर २०२४मध्ये भारताचे नाव त्या यादीतून वगळण्यात आले. सरकारी पैशाची अट मात्र कायम आहे.

एच-१बी दर्जावरील व्यक्तीची नोकरी संपल्यास ६० दिवसांपर्यंत, किंवा आय-९४ नोंदीची मुदत त्याआधी संपत असल्यास तोपर्यंत, देशात थांबता येते. या मुदतीत नव्या विद्यापीठाने अर्ज दाखल केला तर देशाबाहेर जाण्याची वेळ येत नाही. विद्यापीठांना एच-१बीची वार्षिक संख्यामर्यादा लागू नाही, म्हणून त्यांचा अर्ज वर्षभरात केव्हाही करता येतो. परंतु सप्टेंबर २०२५च्या राष्ट्राध्यक्षीय उद्घोषणेने देशाबाहेर असलेल्या उमेदवारांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचा भार घातला. त्यामुळे 'थोडे दिवस घरी जाऊन येऊ' हा निर्णय एच-१बीच्या बाबतीत विद्यापीठाला विचारल्याशिवाय घेऊ नये.

ब्रिटन

ब्रिटनमध्ये कुशल कामगार गटातील व्हिसा बहुधा नेमणुकीच्या अखेरच्या तारखेनंतर १४ दिवसांपर्यंतचा असतो. नोकरी मुदतीपूर्वी संपली तर विद्यापीठाला ते दहा कामकाजाच्या दिवसांत सरकारला कळवावे लागते आणि त्यानंतर गृहखाते सर्वसाधारणपणे ६० दिवसांची मुदत देते. हे ६० दिवस पुष्कळांच्या कानावर असतात. परंतु करार ठरल्या दिवशीच संपणार असेल तर ते मिळतील अशी अपेक्षा धरू नये. तेथे हाती केवळ ते १४ दिवस असतात.

मुदत संपण्यापूर्वी नवा अर्ज दाखल केला, तर निर्णय होईपर्यंत देशात राहण्याचा जुना हक्क कायद्याने पुढे चालू राहतो. या काळात देश सोडल्यास अर्ज मागे घेतला असे समजले जाते. नव्या संस्थेतील कामही मंजुरी मिळेपर्यंत सुरू करता येत नाही. काही विज्ञान व अभियांत्रिकी विषयांत भारतीय संशोधकाला अटास नावाचे सुरक्षा-मंजुरीचे प्रमाणपत्र आधी घ्यावे लागते. त्यास काही आठवडे लागतात, म्हणून ते सर्वांत आधी मागावे.

ब्रिटनमध्ये पीएच.डी. करणाऱ्यास पदवीनंतर तीन वर्षे राहण्याचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो कोणत्याही एका संस्थेशी बांधलेला नाही. ज्यांचे संशोधन मान्यता पावले आहे त्यांच्यासाठी ग्लोबल टॅलेंट व्हिसा आहे. रॉयल सोसायटी, ब्रिटिश अकॅडमी यांसारख्या संस्था त्यासाठी शिफारस करतात. तोही संस्थेशी बांधलेला नसल्याने दोन नेमणुकांमधला काळ त्यात अडचणीचा ठरत नाही.

जर्मनी आणि युरोपीय संघ

या बाबतीत युरोपीय संघाची व्यवस्था पुष्कळच उदार आहे आणि आपल्या विद्यार्थ्यांना ती क्वचितच ठाऊक असते. संघाच्या २०१६च्या निर्देशानुसार, संशोधन पूर्ण केलेल्या संशोधकास नोकरी शोधण्यासाठी किमान नऊ महिने त्या देशात राहू देणे सदस्य देशांवर बंधनकारक आहे. डेन्मार्क व आयर्लंड या निर्देशाच्या कक्षेबाहेर आहेत. जर्मनीत संशोधकाला नऊ महिने आणि जर्मन विद्यापीठाच्या पदवीधराला अठरा महिने मिळतात. नेदरलँड्समध्ये हाच काळ एक वर्षाचा आहे. मात्र ही मुदत आपोआप मिळत नाही. जुना परवाना संपण्यापूर्वी अर्ज करावा लागतो आणि निर्वाहाची सोय दाखवावी लागते.

जर्मनीत परकीय नागरिक कार्यालयाची भेट मिळण्यास मोठ्या शहरांत बराच अवधी लागतो. अर्ज वेळेत केला असेल तर निर्णय होईपर्यंत एक तात्पुरते प्रमाणपत्र मिळते. त्यावर जुना हक्क चालू राहतो. अशा प्रत्येक प्रमाणपत्रावर देशाबाहेर जाऊन परत येता येते असे नाही. त्यावरील कलम वाचल्याशिवाय प्रवासाचे तिकीट काढू नये. तसेच सहा महिन्यांहून अधिक काळ जर्मनीबाहेर राहिल्यास वास्तव्य परवाना सर्वसाधारणपणे रद्द होतो.

पगारी करारावर काम करणाऱ्याच्या वेतनातून बेकारी विम्याची वर्गणी कापली जाते. मागील तीस महिन्यांत किमान बारा महिने वर्गणी भरली असेल, तर बेकारभत्ता हा त्याचा हक्क आहे. तो निव्वळ वेतनाच्या साठ टक्के, आणि मूल असल्यास सदुसष्ट टक्के असतो. त्यासाठी करार संपण्याच्या तीन महिने आधी रोजगार कार्यालयात नोंद करावी लागते. हा भत्ता घेणे म्हणजे दान घेणे, अशी समजूत काही विद्यार्थ्यांत आम्हांला आढळली. ज्याने वर्गणी भरली त्याने आपलेच पैसे मागावेत, यात संकोच कसला? केवळ शिष्यवृत्तीवर असणाऱ्यांची वर्गणी कापली जात नसल्याने त्यांना हा हक्क मिळत नाही. त्यांनी बचतीचा विचार आधीपासून करावा.

अन्य काही देश

कॅनडात मुदत संपण्यापूर्वी अर्ज केल्यास निर्णयापर्यंत जुना दर्जा चालू राहतो. मुदत चुकल्यास ९० दिवसांत दर्जा पूर्ववत करून घेण्याचा अर्ज करता येतो. ऑस्ट्रेलियात संस्थेने पुरस्कृत केलेल्या कुशल कामगारास जुलै २०२४पासून एका वेळी १८० दिवस आणि एकूण ३६५ दिवस नव्या संस्थेचा शोध घेता येतो. जपानमध्ये संस्था बदलल्याची सूचना १४ दिवसांत द्यावी लागते आणि सबळ कारणाशिवाय तीन महिने काम न केल्यास दर्जा रद्द होऊ शकतो.

एक काल्पनिक उदाहरण

हे नियम व्यवहारात कसे लागू होतात ते पाहू. समजा, आपली एक माजी विद्यार्थिनी जर्मनीत रसायनशास्त्राचे संशोधन करीत आहे. तिचा करार आणि परवाना दोन्ही ३१ जुलैला संपतात. ब्रिटनमधील विद्यापीठाने तिला १ ऑक्टोबरपासून नेमले आहे. मधले दोन महिने तिने कसे निभवावेत?

फेब्रुवारीत, म्हणजे नेमणुकीचे बोलणे चालू असतानाच, तिने नव्या विद्यापीठास विचारावे की, नेमणूक ऑगस्ट किंवा सप्टेंबरपासून देता येईल काय. त्याच आठवड्यात जुन्या प्रमुखास विचारावे की, करार दोन महिने, अर्ध्या वेळेचा का होईना, वाढविता येईल काय. बरीचशी अडचण या दोन पत्रांनीच सुटते, कारण तारीख हलविणे विद्यापीठाला सोपे असते आणि सरकारला अवघड. पत्रात विनवणीची गरज नाही. 'माझा सध्याचा परवाना ३१ जुलैला संपतो. मध्ये खंड पडू नये म्हणून नेमणुकीची तारीख अलीकडे घेता येईल का, हे कृपया कळवावे,' एवढे पुरे.

दोन्हीकडून नकार आला तर एप्रिलमध्ये तिने अटास प्रमाणपत्राची चौकशी करावी आणि रोजगार कार्यालयात नोंद करावी. मे-जूनमध्ये जर्मन कार्यालयाकडे नऊ महिन्यांच्या मुदतीसाठी अर्ज करून त्याची पोच जपून ठेवावी. ब्रिटनच्या व्हिसाचा अर्ज नेमणुकीच्या तीन महिने आधीपासून करता येतो, म्हणजे १ जुलैपासून. देशाबाहेरून केलेल्या अर्जाचा निर्णय सर्वसाधारणपणे तीन आठवड्यांत होतो. तोपर्यंत ती जर्मनीत कायदेशीरपणे राहू शकते, भत्ता घेऊ शकते आणि आपला निबंध पूर्ण करू शकते. भारतात परतून तेथून अर्ज करणे हाही मार्ग आहे. सहा महिने वा अधिक काळ भारतात राहून अर्ज करणाऱ्यास क्षयरोग तपासणीचे प्रमाणपत्र लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

या उदाहरणात कोठेही विशेष ओळख किंवा वकील लागला नाही. लागले ते सहा महिने आधी उघडलेले कॅलेंडर आणि विचारण्याचे धैर्य.

काय करू नये

पहिली गोष्ट, परवाना नसताना काम करू नये, मग ते बिनपगारी का असेना. प्रमुख प्रेमाने म्हणतात, 'दोन महिने प्रयोगशाळेत येत राहा, पुढे बघू.' ज्या कामासाठी एरवी पगार दिला जातो ते काम फुकट करणे, हेही अमेरिकेसारख्या देशात बेकायदेशीर काम ठरू शकते. घरी बसून स्वतःचा निबंध लिहिणे वेगळे आणि प्रयोगशाळा सांभाळणे वेगळे.

दुसरी, मुदतीपेक्षा एक दिवसही अधिक राहू नये. अमेरिकेत बेकायदेशीर वास्तव्य १८० दिवसांहून अधिक झाले आणि मग देश सोडला, तर तीन वर्षे प्रवेशबंदी येते. एक वर्ष वा अधिक झाल्यास दहा वर्षे. थोड्या दिवसांच्या वास्तव्याने अशी बंदी येत नाही, परंतु पुढील अर्जांत 'आपण कधी मुदतीबाहेर राहिला होता काय' हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. त्याचे खोटे उत्तर देणे मूळ चुकीपेक्षा घातक ठरते.

तिसरी, आरोग्य विम्यात खंड पडू देऊ नये. अमेरिकेत नोकरीबरोबर विमाही संपतो; बऱ्याच ठिकाणी पूर्ण हप्ता स्वतः भरून तो अठरा महिन्यांपर्यंत चालू ठेवता येतो. हप्ता मोठा वाटतो, परंतु रुग्णालयातील एका रात्रीच्या बिलापुढे तो लहान असतो. पती किंवा पत्नी आणि मुले यांचा दर्जा मुख्य संशोधकाच्या दर्जावर अवलंबून असतो, हेही विसरू नये. एकाची मुदत संपली की सर्वांची संपते.

मायदेशी परतणे

कधी कधी सर्व प्रयत्न करूनही खंड टळत नाही आणि काही महिने घरी यावे लागते. अशा वेळी व्हिसापेक्षा लोकलज्जेचे ओझे जड होते. गावी विचारणा सुरू होते, 'परत कसा आला? नोकरी गेली का?' या प्रश्नाच्या भीतीने मुदत संपल्यावरही तेथेच राहण्याचा, मिळेल ते काम करण्याचा मोह होतो. या एका मोहाने वर्षानुवर्षांच्या कष्टाची वाट बंद होऊ शकते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणातही असा खंड पडला होता. १९१३मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१६मध्ये लंडनला आले आणि शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७मध्ये त्यांना भारतात परतावे लागले. निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली होती. मधल्या काळात त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापकी केली आणि पैसे साठविले. १९२०मध्ये ते पुन्हा लंडनला गेले व १९२३मध्ये डी.एस्सी. झाले. आजच्यासारखी व्हिसाची गुंतागुंत तेव्हा नव्हती, परंतु परतण्याचा मार्ग निघण्यापूर्वीच खुला करून ठेवणे, हे सूत्र तेच आहे.

भारतात आल्यावर कागदपत्रांची कामे उरकून घ्यावीत. पदवी प्रमाणपत्रांचे शासकीय साक्षांकन व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, पासपोर्ट सेवा केंद्राकडून पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र आणि पासपोर्टचे नूतनीकरण ही कामे येथे राहून सोपी जातात. अपोस्टिल सर्व देशांत चालतेच असे नाही. संबंधित देशाला विचारून घ्यावे. आपल्याकडील अनेक कुटुंबांत शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक आडनाव, पासपोर्टवर दुसरे, विवाहानंतर तिसरे, असे झालेले असते. नाव बदलल्याचे शासन राजपत्र हाताशी नसेल तर व्हिसा कार्यालयात हाच मुद्दा आठवडेच्या आठवडे खातो. ज्यांना अमेरिकेला परतायचे आहे त्यांनी हेही लक्षात ठेवावे की, सप्टेंबर २०२५पासून बहुतेकांना प्रत्यक्ष मुलाखत द्यावी लागते आणि ती स्वतःच्या किंवा वास्तव्याच्या देशातच घ्यावी, असे धोरण आहे. मुलाखतीनंतर विज्ञान विषयांतील काही अर्ज अधिक तपासणीसाठी थांबवले जातात. म्हणून परतीचे तिकीट पासपोर्ट हातात आल्यावरच काढावे.

पैशाचा हिशेब करताना खंडाच्या काळात आणखी एक महिना मिळवावा, कारण नव्या नोकरीचा पहिला पगार महिनाअखेर येतो. दोन महिन्यांच्या खंडासाठी तीन महिन्यांचा खर्च आणि त्यावर विमानभाडे, व्हिसाचे शुल्क व घराची अनामत रक्कम, एवढी तरतूद असावी. नेमणूक सुरू झाल्यापासून दरमहा थोडी रक्कम याच कामासाठी वेगळी ठेवली तर ऐनवेळी कर्ज काढावे लागत नाही. घरी दरमहा पैसे पाठविणाऱ्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट आई-वडिलांना पहिल्या वर्षीच समजावून सांगावी.

या लेखातील नियम वेळोवेळी बदलतात. म्हणून अंतिम निर्णयापूर्वी त्या देशाच्या सरकारचे अधिकृत संकेतस्थळ आणि विद्यापीठाचे आंतरराष्ट्रीय कार्यालय यांच्याकडून खात्री करून घ्यावी व उत्तर लेखी घ्यावे. मित्राचा अनुभव धीर देण्यास उपयोगी पडतो, पण त्याचा दर्जा आणि आपला दर्जा एकच असेल असे नाही.

शेवटी पालकांना एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी दोन नेमणुकांच्या मध्ये काही महिने घरी आली, तर तिला कारण विचारण्याआधी जेवायला वाढा आणि तिची लिहिण्याची जागा मोकळी करून द्या. शेजाऱ्यांनी विचारले तर सांगा, 'तिची एक नेमणूक पूर्ण झाली, दुसरी अमुक तारखेला आहे.' ती तारीख आपल्यालाही पाठ असावी. आणि जे आज परदेशात आहेत त्यांनी हा लेख वाचून झाल्यावर आपला परवाना काढून त्यावरील तारीख पाहावी आणि तिच्या सहा महिने आधीच्या दिवशी कॅलेंडरवर खूण करावी.